छावणीच्या फाटकातली तीनचाकी

पेर्पेतुआला सगळी गल्ली पेटांग म्हणायची. तिचा सार्जंट नवरा मिंदानाव बेटावरच्या जंगलात बंडखोरांची गोळी लागून गेला, तेव्हा ती ऐन तिशीत होती. सरकारने विधवेची पेन्शन लावली आणि तिला एक शेपूट जोडलं: पुन्हा लग्न केलंस की पेन्शन बंद. घ्या! नवरा गेला सरकारच्या कामी, आणि पहारा बसला बायकोच्या उंबऱ्यावर.

म्हणून पुढे तीनचाकीतून प्रवासी नेणाऱ्या डोमिंगशी तिने लग्न केलंच नाही, नुसता संसार केला. त्याची भाड्याची तीनचाकी तिच्याच दारात उभी असायची, त्याचे शर्ट तिच्याच दोरीवर वाळायचे. गल्लीने कधी तोंड उघडलं नाही, कारण असे संसार गल्लीत आणखीही होते. चर्चच्या लेखी मात्र लग्नाविना संसार म्हणजे पाप, म्हणून तिथे प्रसादाच्या रांगेत पेटांग कधी उभी राहायची नाही. मान खाली घालून बाकावर बसून राहायची.

पेन्शनसाठी दरवर्षी ती लष्करी छावणीच्या कचेरीत जाऊन हात वर करून शपथ घ्यायची, की मी जिवंत आहे आणि पुन्हा लग्न केलेलं नाही. डोमिंग तिला सोडायचा, पण अलीकडच्या वळणापर्यंतच. यंदा तिचा गुडघा धरला होता.

"फाटकापर्यंत येतो. उगाच हट्ट करू नकोस," तो म्हणाला, आणि ती बसली. तिथेच चुकलं.

फाटकात कचेरीतली नवी अधिकारी बाई विधवांची रांग लावत होती. डोमिंगने पेटांगला दंडाला धरून उतरवलं आणि सवयीने आपल्याच रुमालाने तिच्या कपाळावरचा घाम पुसला.

"हे कोण, मावशी?" अधिकारी बाईने विचारलं. रांगेतली कुजबुज थांबली.

"हा? तीनचाकीवाला," पेटांग म्हणाली. एवढ्यावर थांबावं की नाही! पण भीती वाईट. तिने पर्समधून नोट काढली आणि त्याच्यावरच डाफरली, "घे लवकर! आणि सुट्टे परत दे. तुम्हा लोकांना सवयच असते बुडवायची."

रांगेतलं कुणीतरी फिदीफिदी हसलं. डोमिंगने खिसा चाचपून नाणी तिच्या तळहातावर ठेवली.

"थांबू का, बाईसाहेब?"

"नको, जा."

शपथ घेऊन ती लंगडत वळणावर आली, तर तो वाट बघत होता. त्याने तिला हात देऊन बसवलं. बाजार मागे पडला आणि तिला रडू फुटलं.

"मेली ती पेन्शन! उद्याच पाद्रीबाबांकडे जाऊ, डोमिंग. लग्न करू."

"आणि तांदूळ? तुझ्या आईचं औषध?" तो समोर बघत म्हणाला. "वेडी आहेस का? चाललंय तसं चालू दे."

तो नको म्हणाला आणि पेटांगला हायसं वाटलं. फाटकातल्या बोलण्याची लाज होतीच. पण या हायसं वाटण्याची तिला इतकी लाज वाटली, की घर येईपर्यंत तिने त्याच्याकडे मान वळवली नाही.