देवगावच्या शर्यतीत फ्रान्सची पाहुणी

संभाजीनगरहून देवगाव रंगारी म्हणजे काही परदेश नाही. तरी त्या शनिवारी पहिला खोळंबा दौलताबादच्या वेशीतच झाला. त्या दरवाजातून एका वेळी एकच मोठी गाडी जाते हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी दोन्हीकडून ट्रक घुसतात. शेजारी बसलेली सोलांज खुणांनी सीताफळांचा भाव करत होती आणि मी चिडून घड्याळ पाहत होते.

सोलांज फ्रान्सची, समुद्रकाठच्या एका गावची. पंधराशे मीटर धावायची, आता निवृत्त. लेणी पाहायला आली होती आणि मी तिची गाईड. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.ए.ला फ्रेंच घेतलं तेव्हा वडील म्हणाले होते, "तिकडं कुणाची म्हैस विकायचीय?" त्याच फ्रेंचवर आज माझं पोट चालतं, हे मी सांगते आणि सांगत राहणार.

अजिंठ्याला दम खात बसलो असताना तिनं आपली कारकीर्द सांगितली होती. आपल्या देशात ती चांगली धावायची, पण शेवटच्या फेरीत मागं पडायची. मग मोठ्या शर्यतींचे आयोजक तिला वेगळ्याच कामाला बोलावू लागले. पहिल्या दोन फेऱ्या पुढं राहून वेग लावून द्यायचा, वारा अंगावर घ्यायचा आणि बाजूला व्हायचं. फ्रेंचमध्ये अशा धावपटूला 'लिएव्र' (ससा) म्हणतात. विक्रम मागच्यांचे, आणि हिच्या नावापुढं कायम 'शर्यत अपूर्ण'.

ऐकता ऐकता मला माझी भाची, दादाची मुलगी सारिका आठवली. शहरातले एक क्रीडाशिक्षक शनिवारी आमच्या देवगावात तिची चाचणी घेणार होते. ठरलेल्या वेळेत पंधराशे मीटर पळाली तर शहरातल्या वसतिगृहात जागा, नाहीतर नाही. सारिकेला जोडीदार नाही. एकटी पळते आणि सुरुवातीलाच रेंगाळते. सोलांजला विचारलं, ती लगेच हो म्हणाली. सारिकेला मी फोनवर बजावलं, पाहुणी दोन फेऱ्यांनी बाजूला होईल, तू पळत राहा.

वेरूळचा घाट उतरून कसाबखेडा मागं टाकलं, तर पुढच्या फाट्यावर भावाचे मित्र शाल-नारळ घेऊन उभे. सत्कार झाला. देवगावच्या वेशीवर दुसरा झाला. वर बॅनर : 'ऑलिम्पिक विजेत्या'.

"दादा, हे कुणी लिहिलं?"

"बॅनरवाल्याकडं तयारच व्हतं. फोटो तेवढा बदलला."

"अरे, ती शर्यत पुरी करत नाही. वेग लावून देते आणि बाजूला होते. तिकडं ससा म्हणतात त्याला."

"ससा तर हरतो ना गं?" दादा म्हणाला. मी कपाळाला हात लावला.

पळायच्या आधी खात नसतात, हे मी वहिनीला तीनदा सांगितलं. तरी ताट आलंच. भाकरी, ठेचा आणि येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी). सोलांजनं येसर दोनदा मागून घेतली. माझं कोण ऐकतं?

शाळेच्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. शिट्टी झाली. सोलांज पुढं, सारिका हातभर मागं. वेग उत्तम होता. दोन फेऱ्या झाल्या, सोलांज ठरल्याप्रमाणे बाजूला झाली. सारिकाही बाजूला झाली आणि वाकून तिच्या पाया पडली. मैदानानं टाळ्या वाजवल्या. सरांनी घड्याळ बंद केलं.

"का थांबलीस?"

"पाहुण्या थांबल्या ना, आत्या. त्यांना टाकून कसं जायचं?"

"फोनवर काय सांगितलं होतं मी?"

"व्हय आत्या," ती म्हणाली. फोनवरही हेच म्हणाली होती.

"बरोबर हाय पोरीचं," दादा म्हणाला. "पाहुण्याच्या आधी आपण ताटावरून उठतो का?"

"दादा, हे ताट नाही."

सर भले. "ऊन उतरलं की आणखी एकदा. वेळ तीच," म्हणाले. सोलांजनं निरोप दिला, 'मी थांबले की मी नाहीच असं समज.' मी तो सारिकेला मराठीत सांगितला. तिनं पुन्हा 'व्हय आत्या' म्हणत मान डोलावली आणि मी ओळखलं. ही पुन्हा थांबणार.

"ऐक," मी वैतागून म्हणाले. "पाहुणीला गावातली वाट माहीत नसली तर पुढं कोण होतं?"

"घरचं माणूस."

"मग दोन फेऱ्या झाल्या की तू पुढं हो. तिला शेवटच्या रेघेपर्यंत घेऊन ये. ती मागं येईल."

सोलांजला सांगितलं, आता थांबायचं नाही. ती म्हणाली, "पण तिथून पुढं मला सवय नाही." मी म्हटलं, "ते तुझं तू बघ."

दोन फेऱ्यांनंतर सारिकेनं हातानं 'या' अशी खूण केली आणि पुढं झाली. मग ती जी सुटली, ती रेघ ओलांडूनच थांबली. सरांनी घड्याळ माझ्यापुढं धरलं. "बसली वेळेत. सामान बांधा." सोलांज अजून पलीकडच्या कडेला होती. येसर पोटात, चेहरा लाल. सारिका कुठं हलली नाही. सोलांज रेघ ओलांडेपर्यंत पाण्याचा तांब्या घेऊन तिथंच उभी राहिली.

परतताना दौलताबादच्या वेशीत पुन्हा ट्रक. मांडीवर शाली आणि नारळ घेतलेली सोलांज माझ्याकडं वळली.

"किती जणींत दुसरी आले मी?" तिनं विचारलं.

"दोघींत."

ती मान हलवत हसली. माझ्या मनात मात्र अजून कढ होता. आमच्या लोकांच्या अदबीनं आज पोरीची जागा घालवलीच होती, आणि शेवटी ती मिळाली तीही त्याच अदबीला धरून. शिकून मी इतकी पुढं आले, पण हे गणित मला सुटत नाही.

एवढ्यात फोन वाजला. सारिका.

"आत्या, पाहुण्या पोचल्या का?"

"वेशीत अडकलोय. तू सामान बांध," मी म्हणाले.