फायबरच्या गाडीचा बंपर

माझा नवरा डेंटर होता. चिंचवडला हायवेच्या कडेला त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं. ठोकून, ओढून, तापवून वाकडा पत्रा सरळ करण्यात त्याचा हात चांगला बसला होता. मी भोसरीच्या एका शेडमध्ये कामाला जायची. तिथे फायबरच्या टाक्या आणि मशीनची कव्हरं बनत. काचेच्या धाग्यांची मॅट अंथरायची, तिच्यावर ब्रशने रेझिन, म्हणजे चिकट राळ, लावायचं, रोलर फिरवायचा, हे माझं काम. आमची दोघांची कामं कधी एका जागी येतील असं वाटलं नव्हतं. ती आली एका गाडीमुळे.

देहूरोडला राहणारे एक निवृत्त मेजर ती गाडी घेऊन आले. दोन माणसांपुरती, बुटकी, फिकट हिरवी विलायती गाडी. त्यांच्या थोरल्या भावाने तिकडून आणलेली. भाऊ गेल्यावर ती बरीच वर्षं धूळ खात पडली होती. इंजिन मेजरसाहेबांनी स्वतः खटपट करून चालू केलं होतं. बॉडी मात्र सगळी फायबरची, आणि पुढचा बंपर डावीकडे दोन बोटं खाली उतरलेला. कधीतरी धडक बसली असणार, कारण बंपर जिथून आत जातो त्या भोकाभोवती रंगाला कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा गेल्या होत्या.

नवरा घरी येऊन म्हणाला, "पत्र्याला पोचा आला तर मी काढतो. हे न्हाई मला जमायचं. नट जरा आवळला की करकर वाजतंय. तू एकदा बघ."

गुरुवारी सुट्टी असायची, म्हणून मी गेले. खरं सांगायचं तर हात लावायलाच भीती वाटत होती. आमच्या शेडमध्ये एखादं कव्हर बिघडलं तर दुसरं करता येई. या गाडीचा तुकडा पडला असता तर तो आणायचा कुठून?

बंपरचे लोखंडी पट्टे बॉडीच्या भोकांतून आत जाऊन सांगाड्याला बोल्टांनी जोडलेले होते. डावा पट्टा भोकाच्या कडेवर रेलला होता, त्यामुळे सगळा भार फायबरवर येत होता. मी सुचवलं, की आधी मागून मॅट लावून भोक बुजवू, वाळलं की नवं भोक थोडं वर आणि मोठं पाडू, म्हणजे पट्टा कडेला टेकणार नाही. मेजरसाहेब म्हणाले, "बाई, तुम्हाला योग्य वाटेल तसं करा. मी धरायला आहे."

नवऱ्याने डाव्या बाजूचे बोल्ट काढले. मी वाडग्यात रेझिन घेतलं. त्यात हार्डनरचे थेंब टाकले की ते घट्ट होतं. पण ती प्लॅस्टिकची बाटली उन्हाने फुगली होती आणि टोपण निघेना.

"दे इकडं," नवरा म्हणाला. त्याने टोपणाला पक्कड लावली आणि तोंडासमोर धरून पिळलं. फस्सकन आवाज झाला आणि पक्कड खाली पडली. त्याने दोन्ही हातांनी डावा डोळा दाबून धरला होता.

आमच्या शेडमध्ये एका कोकणातल्या माणसाच्या डोळ्यात हेच उडालं होतं. त्याने डोळा चोळला, मग घरी जाऊन झोपला. पुढे तो डोळा दुधासारखा पांढरा झाला. त्यानंतर सुपरवायझरने आम्हा सगळ्यांना बजावलं होतं, की काही करायच्या आधी पाणी, नुसतं पाणी.

नळ सकाळीच जाऊन बसला होता. पंक्चर बघायच्या पिंपातलं पाणी काळं होतं. मी पिण्याचा माठ उचलून आणला. त्याला खाली बसवलं, डोकं मागे केलं. पापणी उघडायला बोट पुढे केलं आणि थांबले. माझी बोटं रेझिनने माखलेली होती.

"साहेब, तुमचे हात स्वच्छ आहेत. तुम्ही डोळा उघडा धरा."

"न्हाई उघडत, जळतंय," नवरा कण्हत होता. मेजरसाहेबांनी पापण्या फाकवल्या. मी ओतत राहिले. माठ संपला तेव्हा मागच्या चाळीतल्या बाया हंडे घेऊन आल्या. एकीने माझ्या हातात किटली दिली.

रिक्षा दिसत नव्हती. मेजरसाहेबांनी बंपरचं लोंबतं टोक तारेने बांधलं आणि गाडी बाहेर काढली. एका सीटवर मी, माझ्या मांडीवर अर्धा नवरा. सगळा रस्ता मी किटलीची धार त्याच्या डोळ्यात सोडत होते आणि पुढे बंपर खडखडत होता. तार तुटून तो चाकाखाली येईल आणि आम्ही तिघेही जाऊ, असंही मनात येऊन गेलं. नवरा माझं मनगट इतकं घट्ट धरून होता की बांगड्या रुतल्या.

पिंपरीच्या डॉक्टरांनी पुन्हा कितीतरी वेळ डोळा धुतला, औषध घातलं, पट्टी बांधली. मी विचारलं, "दिसेल ना?"

"पाणी लगेच घातलंत ते चांगलं झालं. आत्ता याहून जास्त सांगत नाही," ते म्हणाले.

पत्रा ठोकताना तो सरळ रेघ डाव्या डोळ्यानेच बघायचा, उजवा मिटून. ते दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून पट्टी असेपर्यंत कुणीच तो विषय काढला नाही. मी जेवायला वाढे आणि त्याचा घास बरोबर तोंडात जातो की नाही ते बघत बसे.

पट्टी सोडली तेव्हा मी समोर उभी होते. "काय दिसतंय?"

"तू हायस. पण धुरातनं दिसल्यागत."

हळूहळू तो धूर विरला. कडेला थोडी पुसट जागा राहिली ती राहिलीच.

बंपरचं काम तसंच पडलं होतं. मेजरसाहेबांनी एकदाही घाई केली नाही. पुढे एका गुरुवारी आम्ही परत बसलो. मॅट मी लावली, बाटली मीच उघडली, नवऱ्याला पार रस्त्यापर्यंत लांब उभं करून. वाळल्यावर नवं भोक पाडलं, रबराचे जाड वॉशर घातले, बंपर चढवला. नवऱ्याने नटाला पाना लावला आणि परत काढून घेतला.

तो हळूच म्हणाला, "सरळ हाय का ते तूच सांग."

एका हेडलाइटपासून दुसऱ्यापर्यंत दोरा ताणून मी वाकून बघत होते. डावीकडे किंचित वर. आणखी किंचित. तो पाव पाव आटे देत होता. मधेच टक् असा आवाज आला आणि मला वाटलं, तडकलं. मेजरसाहेबांनी डोळे मिटून घेतले. मी भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. चीर नव्हती, वॉशर बसला होता.

बंपर दोऱ्याला समांतर आला. मेजरसाहेब नवऱ्याचा हात बराच वेळ धरून उभे होते, मग गाडी घेऊन गेले. मी मात्र त्यानंतर पुष्कळ दिवस, नवऱ्याने नुसता डोळा चोळला तरी हातातलं काम टाकून त्याच्याकडे बघायची. तो म्हणायचा, "अगं, केर गेलाय नुसता." मला ते खरं वाटायला वेळ लागायचा.