सासवडची लाइन

अभय रामटेकेला कंपनीने काढलं त्या दिवशी त्याने दुपारचं जेवण व्यवस्थित केलं. हिंजवडीच्या ऑफिसात मेल आला, लॅपटॉप जमा झाला, सुरक्षारक्षकाने गळ्यातलं कार्ड मागितलं. अभयने ते दिलं आणि विचारलं, "कँटीनमध्ये बसता येईल ना?" घरी शर्मिलाला त्याने ही बातमी सांगितली ती उद्या पाणी येणार नाही अशा आवाजात. तिला वाटलं, नवरा धीराचा आहे. महिनाभराने तिच्या लक्षात आलं की हा धीर नव्हे. याच्या आत काहीतरी बंद पडलंय, आणि तक्रार नोंदवायलाही आत कुणी शिल्लक नाही.

दोघेही वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीचे. लग्न होऊन धानोरीला भाड्याच्या घरात आले, अभय संगणक कंपनीत, शर्मिला एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायला. नोकरी गेल्याचं कळल्यावर अभयच्या बाबांचा आर्वीहून फोन आला. जावईबापूंच्या, म्हणजे अभयच्या मेहुण्यांच्या, सिमेंटच्या दुकानात एक माणूस हवा आहे, दिवाळीपर्यंत पुण्यात काही जमलं तर पहा, नाहीतर सामान बांधून या.

अभयला ते चालणार होतं. त्या दिवसांत त्याला काहीही चाललं असतं. शर्मिलाला चालणार नव्हतं.

"तू बसशील गल्ल्यावर," ती म्हणाली. "मी काय करू? गोण्यांतून रक्त काढू काय?"

आणि तिनेच त्याचं नाव पोपट जगतापांच्या क्लासात घातलं.

हा क्लास शनिवार पेठेत, पिठाच्या गिरणीवर. शिकून खाली उतरणारा प्रत्येक जण थोडा पांढरा झालेला असे. जगताप सर टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, मूळ मुळशीकडचे, आणि पेठेत तीस वर्षं काढूनही त्यांनी आपल्या बोलीला पेठेचं पाणी लागू दिलं नव्हतं. गावोगावची ऑफिसं एका जाळ्यात कशी बांधायची, हे ते शिकवत.

"घरातलं वायफाय कुणीबी लावतंय," ते पहिल्याच दिवशी म्हणाले. "सातारा आन् पुणं एकाच घरात ऱ्हात्यात, आसं कॉम्प्युटरला वाटाय पायजे. ही इद्या हाय."

सुरुवातीला ते यंत्राला हात लावू देत नसत. आधी कागद. अभयने एका पतपेढीचं जाळं काढलं. प्रत्येक शाखेला दोन लाइनी, दोन वेगळ्या कंपन्यांच्या; एक लाल, एक निळी. एक तुटली तर दुसरी आहेच. सरांनी कागद पाहिला, चपला घातल्या आणि सगळ्या वर्गाला चालत कसबा पेठेत नेलं. एका बोळात केबलच्या खड्ड्याचं झाकण निघालं होतं. आत दोन कंपन्यांच्या केबली एकाच नळीतून, गळ्यात गळा घालून चालल्या होत्या.

"रामटेके, ही तुझी लाल, ही तुझी निळी. एक जेसीबी आला की दोन्ही रंग उडाले."

सगळे हसले. अभयने तिथेच उभ्या उभ्या कागद दुरुस्त केला, लाल लाइन दुसऱ्या रस्त्याने वळवली. कुणी हसल्याचं त्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. पण काम त्याला जमत होतं, हे सरांनी टिपलं. घाई नाही, चिडचिड नाही, एकच गोष्ट शंभरदा तपासायला कंटाळा नाही. एरवी ज्याला दुखणं म्हणावं, ते या धंद्यात गुण म्हणून खपत होतं.

सरांचा आणखी एक दंडक होता. लांबच्या राउटरला इथे बसून हात लावायचा, तर आधी त्याला सांगून ठेवायचं, 'पंधरा मिनिटांनी तू आपोआप बंद होऊन पुन्हा चालू हो.' तुमच्या हातून चूक होऊन संपर्क तुटलाच, तर पंधरा मिनिटांनी राउटर नवं सगळं विसरून जुन्या सेटिंगवर येतो. काम नीट झालं, की तो टायमर काढायचा आणि नवं सेटिंग पक्कं करायचं.

"टायमर काढायचा इसरणार न्हाईत," सर सांगत. "हिरवा दिवा लागला की जीव भांड्यात पडतो. पडला की लगेच काढायचा. त्यो पडल्याचा आवाज हीच खूण."

सरांचा स्वतःचाही छोटा धंदा होता, आणि दिवाळीआधी त्यांना एक माणूस नेमायचा होता. उमेदवार दोन उरले, अभय आणि चेतन. चेतन हुशार, पण घाबरट. कळफलकाचं प्रत्येक बटण तो दोनदा विचारून दाबत असे.

"नारायण पेठेतल्या श्रीनिवासकाकांची सासवडची लाइन बदलायची हाय," सर अभयला म्हणाले. "एकट्यानं करायचं. नीट झालं तर तू, न्हाय तर चेतन."

श्रीनिवासकाकांचं काढे आणि चूर्णांचं दुकान. सासवडच्या शाखेतली बिलं नारायण पेठेतल्या कॉम्प्युटरवरून निघत. जगभर असली कामं मध्यरात्री होतात. इथे दुपारी एक ते चार, दुकान बंद असताना. सासवडला असली प्रथा नाही, पण शाखा काकांची असल्यामुळे तीही एक ते चार बंद.

"चारला दुकान उघडेल," काका म्हणाले. "आपलं काम झालेलं असो वा नसो." आणि काउंटरमागच्या गादीवर आडवे झाले.

सासवडला कादंबरी नावाची मुलगी काउंटर सांभाळायची. ती अभयशी फोनवर जोडलेली होती. जुन्या लाइनच्या कंपनीचा माणूसही आपली जोडणीची पेटी न्यायला तिथे येऊन बसला होता. सगळी तयारी पुन्हापुन्हा तपासून साडेतीनला अभयने टायमर लावला, नवं सेटिंग भरलं, लाइन फिरवली. एक खोटं बिल काढून पाहिलं, निघालं.

"सर, हिरवा दिवा लागला," कादंबरी म्हणाली.

"छान. जुनी केबल काढा. त्यांना पेटी नेऊ द्या."

मग तो पडद्याकडे बघत बसला. सगळं बरोबर होतं. काका घोरत होते. आता काहीतरी वाटायला हवं, असं त्याला अंधुकसं आठवलं, पण नेमकं काय ते आठवेना. तो वाट पाहत राहिला. जीव भांड्यात पडण्यासाठी आधी वर कुठेतरी टांगलेला असावा लागतो. अभयचा तळाशीच होता, त्यामुळे आवाज कसला येणार?

पंधरा मिनिटं भरली आणि पडदा एकदम मुका झाला.

"सर, दिवा गेला," कादंबरी म्हणाली. "आणि ते पेटीवालेही गेले."

राउटर शहाण्यासारखा जुन्या सेटिंगवर परतला होता, आणि जुनी लाइन तिथे नव्हती. नारायण पेठेतून आता त्याच्यापर्यंत पोचायला वाट नव्हती. अभयने लॅपटॉप पाठीवर टाकला, मोटारसायकल काढली आणि दिवे घाट चढून सासवड गाठलं. तोवर दुकान उघडून बराच वेळ झाला होता. कादंबरी हाताने बिलं लिहीत होती.

"या," रांगेतले एक आजोबा म्हणाले. "तुमच्यामुळे माझा पित्ताचा काढा लांबला, पित्त मात्र वेळेवर आलं."

अभयने लॅपटॉप थेट राउटरला जोडला, सगळं पुन्हा भरलं, पक्कं केलं. तेवढ्यात काकांचा फोन आला. "रामटेके, चारच्या ठोक्याला सासवड बंद. आपण एक ते चार नक्की काय करत होता? झोपायचं काम तर मी करत होतो."

संध्याकाळी गिरणीवरच्या खोलीत सरांनी सगळं ऐकून घेतलं.

"हिरवा लागला, तवा काय वाटलं?"

"काही नाही, सर."

"आन् गेला तवा?"

अभयने खरंच विचार करून पाहिला. "तेव्हाही नाही."

खाली गिरणी चालू होती. सरांनी टेबलावरचं पीठ बोटाने पुसलं.

"लांबनं काम करणाऱ्याला भ्या पायजे, बाबा. भ्या आसलं की हात आपसूक टायमरकडं जातोय. चेतनकडं लई हाय. हितं त्यो बसंल." मग म्हणाले, "तू जागेवर जायचं. सासवड, जेजुरी, जिथं पेटी आसंल तिथं. समोर हुबा ऱ्हाऊन चुकलास तर निदान हात तरी पोचतोय. पगार न्हाई, काम तेवढं दाम. जमतंय का बघ."

घरी आल्यावर शर्मिलाने दारातच विचारलं, "मिळालं?"

"अर्धं."

त्याने सगळं सांगितलं. ती ऐकताना एकदा हसली, आजोबांच्या पित्ताला. 

"काहीच नाही वाटलं तुला? एवढा घाट चढून गेला तरी?"

"ऊन लागलं."

"चला, ते तरी लागलं," ती म्हणाली. "अर्धं तर अर्धं. पुरवू आपण."

तिने आर्वीला फोन लावला. "बाबा, आम्ही येत नाही आता. हो, काम लागलं त्याला."  पंख्याच्या घरघरीत पलीकडे बाबांना ऐकू गेलं नसावं, ती पुन्हा मोठ्याने, आर्वीच्या बोलीत म्हणाली, "काम लागलं, असं म्हणून राहिले मी."

अभय उठला, पंखा बंद केला आणि तिचं बोलून होईपर्यंत बटणापाशीच उभा राहिला.