घडीमास्तरांची चूक

घडीमास्तरांना खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. बायको 'अहो' म्हणते, भाचा 'मामा' म्हणतो आणि बाकी सगळी गल्ली घडीमास्तर म्हणते. बाहेरून घरी आलं की माणूस आधी चपला काढतो, पाणी पितो. घडीमास्तर आधी दोरीवरचा टॉवेल काढतात, कोपऱ्याला कोपरा जुळवून त्याची घडी घालतात आणि मग पाणी पितात. दुसऱ्याच्या घरी गेले तरी त्यांचा हात विस्कटलेल्या चादरीकडे वळतोच. बायकोने या सवयीपुढे केव्हाच हात टेकलेत.

ही सवय युद्धात लागली. तेव्हा ते लढाऊ विमानांच्या तळावर नोकरीला होते. विमान उडवणं तर सोडाच, ते विमानात कधी बसलेसुद्धा नाहीत. त्यांचं काम वैमानिकांच्या हवाई छत्र्यांच्या घड्या घालण्याचं. एक लांबलचक खोली आणि तेवढंच लांबलचक गुळगुळीत टेबल. त्यावर छत्रीचं कापड पसरायचं, एकेक पट दुसऱ्यावर बसवायचा, घड्या हलू नयेत म्हणून वर शिशाची वजनं ठेवायची, दोऱ्या एकमेकींत न गुंतवता ओळीने लावायच्या. शेवटी हा सगळा पसारा पिशवीत असा बसवायचा, की वैमानिकाने छातीवरची कडी ओढली की तो एका झटक्यात बाहेर पडला पाहिजे. बोटात अंगठी चालायची नाही, कापड अडकतं. घडीमास्तरांनी लग्नातली अंगठीसुद्धा काढून ठेवली होती, आणि बायकोने ते बरीच वर्षं मनाला लावून घेतलं होतं.

या कामाचं कौतुक कोण करणार? छत्री लागली नाही तर कुणाला तिची आठवणही नसे, आणि लागली तर वाचलेला माणूस आपल्या नशिबाचे आभार मानी. पण घडीमास्तरांच्या हातची छत्री उघडली नाही, असं एकदाही झालं नाही. पुढे इस्पितळाच्या कपड्यांच्या खोलीत चादरी मोजण्यात त्यांची नोकरी सरली. मूलबाळ झालं नाही, घर भाड्याचंच राहिलं. आयुष्यात मिरवण्यासारखी एवढी एकच गोष्ट होती, आणि तीही ते कधी मिरवायला गेले नाहीत.

सिनेमा मात्र त्यांच्याबरोबर बघणं ही शिक्षा होती. पडद्यावर युद्धातली विमानं दिसली की त्यांचं सुरू व्हायचं. हे विमान तेव्हा नव्हतंच. त्या आवाजात एवढं बोलणं ऐकू कसं येईल? त्याने छत्रीचे पट्टे उलटे बांधलेत. पुढच्या रांगेतले लोक वळून बघायचे. बायको म्हणायची, तुम्हाला चुका काढायच्यात, मला सिनेमा बघायचाय, तेव्हा आपण वेगवेगळी तिकिटं काढू. भाचा मात्र मन लावून ऐकायचा. मोठा होऊन तो सिनेमाच्या धंद्यात शिरला आणि त्याने ठरवलं, की मामाला एकही चूक सापडणार नाही असा सिनेमा आपण काढायचा.

मग तो ना वही ना पेन्सिल, नुसता छोटा रेकॉर्डर घेऊन मामासमोर बसू लागला. टेबल केवढं होतं, उजेड कुठून यायचा, घड्या घालताना तू गुणगुणायचास का, सगळं विचारायचा. घडीमास्तरांना आयुष्यात कुणी इतकं विचारलं नव्हतं. म्हातारा खुलला. सांगू नये तेही सांगून बसला.

तळावर एक साहेब होते. मान मागे टाकून हसायचे. छत्री उचलताना घडीमास्तरांच्या खांद्यावर थाप मारून म्हणायचे, "उद्या परत करतो." एके दिवशी त्यांचं विमान तळाजवळच्याच माळावर कोसळलं. साहेब आतच सापडले. छत्री बांधलेली होती, कडीला हातसुद्धा लागलेला नव्हता. उडी मारायला वेळ होता, उंचीही होती, असं बघणारे सांगत होते. त्यांनी ती का मारली नाही, हे कुणालाच कळलं नाही. छत्री परत आली तेव्हा घडीमास्तरांनी ती टेबलावर घेतली आणि कडी ओढली. एकही दोरी न अडकता सगळं कापड सरसरत बाहेर आलं. त्यांना हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटली.

सिनेमा लागला. भाच्याने मामा-मामी दोघांना पहिल्या खेळाला नेलं. घडीमास्तर डोळ्यांत तेल घालून बघत होते, पण पोराने नाव ठेवायला जागा ठेवली नव्हती. तेच टेबल, तीच वजनं, मान मागे टाकून हसणारा वैमानिक, अंगठी नसलेली बोटं. मध्यंतरात त्यांनी भाच्याची पाठ थोपटली. मध्यंतरानंतर पडद्यावरचा घडी घालणारा बायकोशी भांडला, दारू प्यायला आणि तशाच हातांनी टेबलाशी उभा राहिला. वैमानिकाने उडी मारली. दोन्ही हातांनी कडी ओढली, पुन्हा ओढली. छत्री उघडलीच नाही. थिएटरमध्ये हुंदके फुटले. घडीमास्तरांनी शेजारी पाहिलं तर बायकोही डोळे पुसत होती.

"तू कशाला रडतेस?" त्यांनी विचारलं.

"रडू आलं म्हणून रडतेय," ती म्हणाली. "सिनेमा चांगलाच काढलाय मेल्याने. आता बाहेर पडू दे, कानाखाली वाजवते त्याच्या."

तिने वाजवली नाही, पण तोंडाचा पट्टा सोडला. भाच्याचं म्हणणं असं, की कुणाचीच चूक नाही आणि माणूस मेला, हे लोकांना पटत नाही. लोक तिकीट काढून येतात, त्यांना कुणावर तरी रागावता आलं पाहिजे. सुरुवातीला 'सर्व पात्रे काल्पनिक' अशी पाटीही दाखवलीय की.

"आणि मामा, बाकी एक तरी चूक सापडली का तुला? इतकं खरं दाखवल्यावर एक खोटी गोष्ट चालते रे."

"बाकी सगळं खरं दाखवलंस," घडीमास्तर म्हणाले, "म्हणूनच ती एक गोष्टही खरी वाटते."

पाटी कोण वाचतं? सिनेमा धो धो चालला आणि गल्लीला सगळा उलगडा झाला. हात धुऊन मागे लागणारी माणसं परवडतात, पण ही सगळी भली माणसं होती. न्हावी गळ्याभोवती कापड गुंडाळताना हळूच म्हणाला, "होतं असं कधी कधी माणसाच्या हातून." दुकानदार सुटे पैसे देताना उगाचच जास्त गोड बोलला. घडीमास्तर पहिल्यांदा समजावून सांगत. ऐकणारा मान डोलवी आणि चेहऱ्यावर मात्र लिहिलेलं असे, की बिचारा, याला कबूल करणं जड जातंय. मग त्यांनी सांगणं सोडलं, बाहेर पडणंही कमी केलं. त्यांना राग नव्हता, नुसता थकवा आला होता. बायको मात्र भांडायची थांबेना. शेवटी भाचा वरमला आणि त्याने एका वर्तमानपत्राच्या बातमीदाराला गाठलं. तो घरी येणार, घडीमास्तरांची बाजू छापणार, असं ठरलं. बायकोने त्यांचा शर्ट स्वतः इस्त्री केला.

बातमीदार येणार त्याच्या आदल्या दुपारी दारात एक म्हातारी बाई उभी राहिली. घडीमास्तरांपेक्षा थोडी लहान असेल. जिना चढून दमली होती. त्या साहेबांची मी बायको, असं तिने सांगितलं. घडीमास्तरांनी तिला खुर्ची दिली. बायको पाणी घेऊन आली आणि तिथेच दाराला टेकून उभी राहिली.

"मी भांडायला आलेले नाही," बाई म्हणाली. तिने तो सिनेमा नातीबरोबर पाहिला होता. नंतर एकटीने पुन्हा जाऊन पाहिला आणि सिनेमावाल्यांकडून इथला पत्ता मिळवला.

मग ती बराच वेळ बोलत राहिली. शेवटच्या सुट्टीत साहेब घरी आले ते गप्पच होते. जेवले, झोपले, भिंतीकडे बघत बसले. लहान मुलगी हात वर करून उभी राहायची, तिला उचलूनही घेतलं नाही. पुढे तळावरून कळवलं, की त्यांनी उडी मारली नव्हती. उडी मारायला वेळ होता, हेही कुणीतरी तिला सांगितलंच. तेव्हापासून तिने एकच गोष्ट मनात धरली, की याला आपल्याकडे परत यायचंच नव्हतं. मुलगी बापाबद्दल विचारायची तर ही विषय बदलायची. फोटोसुद्धा भिंतीवर लावला नाही.

"सिनेमात ते दोन्ही हातांनी कडी ओढतात," ती म्हणाली. "घरी गेल्यावर मी खूप वर्षांनी त्यांच्यासाठी रडले. तळावरच्यांनी तुम्हाला वाचवायला मला खोटं कळवलं असेल, असं माझ्या मनात आलं. तसं असलं तरी माझा तुमच्यावर राग नाही. तुम्हीही पोरसवदा असाल तेव्हा. मला फक्त एकदा तुमच्या तोंडून ऐकायचंय. त्यांनी कडी ओढली होती ना?"

बायको दाराजवळून नवऱ्याकडे बघत होती. सांगा, असं ती डोळ्यांनीच म्हणत होती. एकच वाक्य सांगायचं होतं, आणि तेही खरं. घडीमास्तरांनी मांडीवरच्या आपल्या हातांकडे पाहिलं. आता त्या हातांनी शर्टाची बटणंही धड लागत नव्हती.

"ओढली होती," ते म्हणाले. "जोरात ओढली होती, बाई. साहेबांना यायचं होतं. माझ्याच घड्या चुकल्या."

बाईने डोळे मिटले. मग पुढे वाकून तिने त्यांचे दोन्ही हात धरले आणि माफ केलं म्हणाली. जाताना तिला जिना उतरायला घडीमास्तरांनीच हात दिला.

ते वर आले तेव्हा बायको अजून तिथेच उभी होती. बातमीदाराला काय सांगायचं, असं तिने विचारलं. येऊ नको म्हणून सांग, ते म्हणाले. ती दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली, पण त्यावर नाही.

सिनेमा अजून कुठे ना कुठे लागतो. टीव्हीवर लागला की गल्लीतल्या कुणाला तरी घडीमास्तरांची आठवण होते आणि तो चाचरत विचारतो, ते तुम्हीच का हो? बायको उठून आत जाते. घडीमास्तर म्हणतात, "हो, मीच तो."