हायस्कूलची वाट: पुढं एकवीस, मागं पंचवीस

जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी मी कुपवाडहून निघाले, तेव्हा पहिल्या पाळीच्या मोटरसायकलींची रस्त्यावर गर्दी झाली होती. इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात बावीस वर्षं मी व्हॉल्व्ह तपासते. त्यात पाण्याचा दाब भरायचा आणि कुठं गळतंय का पाहायचं. आज मात्र माहेरी निघाले होते, माण तालुक्यात, दोन दिवसांच्या वाटेनं, सायकलवर. वय सत्तेचाळीस. सायकल डोंगरात चालवायची, जाड टायरची. टायर ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नाही. नुसती हवा आणि सीलंट (बारीक भोक आपोआप बुजवणारं दुधासारखं द्रव).

धाकटा भाऊ तानाजी आदल्या दिवशी फोनवर म्हणाला होता, "अक्का, मायणीत मी पिकअप घिऊन येतो. तितनं पुढं डोंगर हाय. तुला झेपायचा न्हाई."

"येऊ नको," मी म्हटलं. "डोंगरासाठीच तर निघालेय."

ट्यूबलेस टायरचा खरा फायदा हा की हवा कमी ठेवता येते. कमी हवेचं टायर दगडावर दबतं आणि दगड धरून ठेवतं. पण किती कमी, हे कुणी सांगून कळत नाही. ते शोधायला मी वर्षभर रविवारी दंडोबाच्या डोंगरावर जात होते. एकाच उतारावरून पुन्हा पुन्हा जायचं, दर वेळी दोन पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) कमी करायचे. रिमवर दगड आपटला की थांबायचं आणि थोडी हवा वाढवायची. पुढच्या चाकावर वजन कमी, म्हणून तिथं हवाही कमी. शेवटी माझा हिशेब बसला होता: पुढं एकवीस, मागं तेवीस.

डांबरी रस्त्यासाठी तीस भरून निघाले होते. तासगावच्या पुढं दोन्ही बाजूंनी द्राक्षबागा, कागदात गुंडाळलेले घड. दुपार कलताना विट्यात मैत्रिणीच्या घरी पोचले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंक्चरच्या दुकानापाशी चेन पुसायला थांबले. दुकानदारानं टायर अंगठ्यानं दाबलं. "ताई, हवाच न्हाई की! डोंगरात जाताय न्हवं?" मी बोलेपर्यंत त्यानं नळी लावली आणि दोन्ही चाकांत पंचेचाळीस भरले. माणूस भला होता, आणि इतक्या खात्रीनं बोलला की मी "बरं" म्हणून निघाले. पुढच्या वळणावर थांबून हवा सोडता आली असती, तीही सोडली नाही. डांबरावर सायकल पळत होती, आणि मनात आलं, कदाचित त्यालाच जास्त कळत असेल.

मायणीत मिसळ खाल्ली. ऊन वाढत होतं. तिथून पुढं आत वळल्यावर ज्या गावात डांबर संपतं, तिथं एक हायस्कूल आहे. रविवार, फाटक बंद. मी गजाला सायकल टेकून उभी राहिले. सातवी झाल्यावर मी इथंच येणार होते. पण आमचं गाव डोंगरापलीकडं, आठ किलोमीटर. पोरीला एवढं चालत कोण पाठवणार? पुढं घरात सायकल आली ती तानाजीला. तेव्हा त्यात कुणाला वावगं वाटलं नाही, मलाही नाही.

त्याच डोंगरवाटेला मी लागले. पहिलीच चढण खडीची. पंचेचाळीसचं टायर दगडावरून चेंडूसारखं उडत होतं. मागचं चाक जागीच फिरलं, पुढचं सटकलं, आणि मी कोपरावर पडले.

माळावर मेंढ्या चारणारी एक म्हातारी काठी टेकत धावत आली. "आगं आगं, लागलं का? कुटं निगालीस?"

"माहेरी. डोंगरापल्याड."

"मग सडकंनं जायाचं. ह्या वाटंनं आता कोन जातंय? आमी आन् मेंढरं."

तिनं आपल्या बाटलीतलं पाणी कोपरावर ओतलं. मी खिशातून दाबमापक काढलं आणि हवा सोडायला लागले. आवाजानं दोन मेंढ्या दचकल्या.

"आता हवा बी सोडतीस?" म्हातारी म्हणाली. "डोस्कं ठिकानावर हाय न्हवं?"

"आता हाय, आज्जी. मगाशी न्हवतं."

पुढं एकवीस, मागं तेवीस. तीच चढण पुन्हा घेतली. चाकं खडीत रुतून बसली आणि मी पाय न टेकता वर गेले. मागून म्हातारी ओरडली, "लय भारी गं!"

माथ्यावरून गाव दिसलं. उताराला वेग घेतला, आणि एका खाचेत मागचं रिम ठक्कन दगडावर बसलं. टायरमधून पांढरी धार उडाली. भोक खाली येईल असं चाक फिरवून थांबले. सीलंटनं भोक बुजलं. चूक माझी होती. दंडोबावर मी रिकामी जायची, आज मागं सात किलोची पिशवी होती. हातपंपानं मागं पंचवीस केले. पुढचा सगळा उतार सायकल वाटेला चिकटून खाली आली.

वेशीवर तानाजी पिकअपला टेकून उभा होता. तो सायकलवरची पिशवी उचलून पुढं चालू लागला.

अंगणात आबा, माझे वडील, बसले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. भावजयीनं माडगं (हुलग्याच्या पिठाचं गरम पातळ पेय) दिलं. आबांनी सायकलजवळ येऊन टायर दाबून पाहिलं.

"हवा कमी ठिवलीस."

"व्हय आबा. त्यानं दगड धरतंय."

"मेंढराच्या खुरात बी मऊ असतंय. म्हनून कड्याला चढतंय." त्यांनी हात टायरवर तसाच ठेवला. "कुटल्या वाटंनं आलीस?"

"हायस्कूलच्या."

आबांनी डोंगराकडं पाहिलं. मग म्हणाले, "तवा तुला बी सायकल द्याया पायजे हुती."

मी त्यांच्याशेजारी बसून माडगं पीत राहिले.

सोमवारी त्याच वाटेनं परत निघाले आणि मंगळवारी कुपवाडला पोचले. बुधवारी कामावर बायकांनी कोपराची पट्टी पाहून विचारलं, तेव्हा "पडले" एवढंच सांगणार होते. पण सगळं सांगितलं. विट्यातली चूक, रिमवर बसलेला दगड आणि स्वतः शोधलेले आकडेसुद्धा. स्वतःचा अभिमान वाटला असं सांगायला आम्हा बायकांना अवघड जातं. मला वाटला, आणि तसं मी मोठ्यानं सांगितलं.