हरण किती पट मोठं दिसावं

नवऱ्याने बंदूक घेतली तेव्हा मी फारसं बोलले नव्हते. दोन हजार सतराची गोष्ट. आम्ही हॅमिल्टनला होतो. त्याच्या कारखान्यातले सगळे नोव्हेंबरात उत्तरेकडे हरणांच्या शिकारीला जायचे आणि यालाही त्यांच्यातलं एक व्हायचं होतं. कोर्स, लायसन्स सगळं आदल्या वर्षीच झालं होतं. तेव्हा कारखान्यातल्या एकाची बंदूक घेऊन तो एकदा सशांच्या मागेही जाऊन आला होता, रिकाम्या हाताने. आता बंदुकीवर बसवायची दुर्बीण, म्हणजे स्कोप, तेवढा राहिला होता. तो निवडायचं काम त्याने माझ्या गळ्यात घातलं.

"तू ऑप्टिकलमध्ये काम करतेस ना, मग मॅग्निफिकेशन तूच डिसाइड कर."

मी मॉलमधल्या चष्म्याच्या दुकानात होते. लोकांच्या नाकावर फ्रेम बसवायची, ढिले स्क्रू आवळायचे. यातून हरणापर्यंत कसं पोचायचं ते मला कळत नव्हतं. शिवाय मला तिसरा महिना चालू होता. आदल्या वर्षी याच सुमाराला आमचं एक बाळ पोटातच गेलं होतं. त्याबद्दल तो कधी बोलला नाही, म्हणून मीही बोलले नाही. याला बरं विसरता आलं, असं मला वाटायचं आणि त्याचा रागही यायचा.

त्यातच साताऱ्याहून सासूबाईंचा फोन आला. "अगं, बायको पोटुशी असताना नवऱ्याने जीव घ्यायचा नसतो. पुढच्या वर्षी जा म्हणावं त्याला."

"पण आई, चिकन तर आम्ही दर रविवारी खातो."

"ते विकत आणलेलं. त्याचं काही नसतं."

फोन ठेवून मी हसले. नवऱ्याला सांगितलं तर तोही हसला, जरा जास्तच मोठ्याने. "आईचं काहीतरीच! तू स्कोप बघ." माझाही असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण मन चिंती ते वैरी न चिंती. पोटातलं बाळ आणि जंगलातलं ते न पाहिलेलं हरण यांची माझ्या डोक्यात गाठ बसली ती बसलीच. काही केल्या सुटेना.

शनिवारी आम्ही दुकानात गेलो. तो बूट बघायला वळला आणि मी काउंटरवर उभी राहिले. तीन ते नऊ पट, चार ते सोळा, सहा ते चोवीस. दुर्बिणीवरचं कडं फिरवलं की तेवढ्या पटींनी समोरचं मोठं दिसायचं. मला आपलं चोवीसवालंच बरं वाटलं. आमच्याकडे शाळेचा गणवेशसुद्धा वाढत्या अंगाचा घ्यायचे. घ्यायचंच तर मोठं घ्यावं, हे हाडात मुरलेलं.

"डोळ्याला लावून बघ," काउंटरवरचा माणूस म्हणाला. समोरच्या भिंतीवर पेंढा भरलेलं हरणाचं डोकं होतं. चोवीसवर मला नुसते तपकिरी केस दिसले, तेही धुरकट. हात जरा हलला की केस पळायचे. कान शोधायला गेले तर भिंतच लागली. मग त्याने दुसरी दुर्बीण दिली. तिच्यात तीनवर अख्खं डोकं दिसलं, शिंगं दिसली, शेजारचा दिवासुद्धा.

"झाडीत हरण जवळच येतं," तो म्हणाला. "फार मोठं करून बघितलं तर सापडत नाही. सापडलंच तर खांदा कुठला, पोट कुठलं कळत नाही. गोळी भलतीकडे लागते आणि ते जखमी होऊन पळतं. मग कुठेतरी तडफडून मरतं."

झालं, माझं डोकं आणखीच फिरलं. मोठी घेतली तर याला हरण सापडणार नाही, म्हणजे जीवही जाणार नाही. पण चुकून सापडलं तर ते अर्धमेलं होऊन पळणार, मग त्याचे तळतळाट कुणाला? छोटी घेतली तर एका गोळीत खलास, आणि नेम माझ्या पसंतीचा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. "किती लांबून मारणार आहात?" त्याने विचारलं. "मारूच नये असं वाटतंय," मी मराठीत म्हणाले. त्याला काय कळणार? तो छान हसला.

शेवटी तीन ते नऊ घेतली. मरायचंच असेल तर बिचारं हाल होऊन मरू नये, एवढंच मला ठरवता आलं. गाडीत नवऱ्याने दोनदा विचारलं, "शुअर ना?" मी शुअर म्हटलं. त्याचा चेहरा उतरला. मला वाटलं, याला मोठी हवी होती.

तो शिकारीला गेला. मी रोज देवापुढे दिवा लावायचे आणि मागायचं काय तेच कळायचं नाही. याला शिकार मिळू दे म्हणावं, की मिळू देऊ नको? नुसतीच हात जोडून उभी राहायचे.

रविवारी दुपारी तो रिकाम्या हाताने आला. मला इतकं हायसं वाटलं की मी चहा टाकायलाच धावले. तो बंदूक कुलपात ठेवायला बेसमेंटमध्ये गेला आणि वर येईचना. खाली गेले तर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर जॅकेटसकट बसला होता.

"हरण आलं होतं," तो म्हणाला. "अख्खं दिसत होतं. माझं बोटच हलेना. सगळे हसले मला."

"आई म्हणाल्या म्हणून?"

तो बुटाची नाडी सोडू लागला. "गेल्या वर्षी मी सशांच्या शिकारीला गेलो होतो ना? तुला सांगितलं, काही मिळालं नाही. एक मिळाला होता. त्याच आठवड्यात आपण हॉस्पिटलमध्ये होतो."

डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं, यात कुणाचीच चूक नसते. ते आम्ही दोघांनी शेजारी बसून ऐकलं होतं. वर्षभर हा माणूस एका सशाला उरावर घेऊन माझ्यासमोर जेवत होता, झोपत होता. मला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त कीव आली.

"मग जायचं कशाला? आणि दुर्बीण मला कशाला निवडायला लावलीस?"

"वाटलं, तूच नको म्हणशील."

"अरे, तुला नाही म्हणता आलं नसतं?"

"मी कसं म्हणणार?" तो म्हणाला. "मी नाही म्हटलं असतं, तर मागच्या वेळी बाळ माझ्यामुळेच गेलं, असं मीच कबूल केल्यासारखं झालं असतं ना गं."

आणि तो रडायला लागला. हॉस्पिटलमध्ये त्याच्या डोळ्यांतून टिपूसही आलं नव्हतं.