गाणाऱ्याच्या पुढे नाही, मागे नाही

बडोद्यातल्या तरसालीच्या सोनवण्यांच्या घरी कॉलेजवरून जी जुंपली, ती काही विचारू नका. योगिनी बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली होती. आता चांगले मार्क म्हणजे घरातल्या प्रत्येकाला मत फुटतं. आईला बीएड दिसत होतं, मामाला बँक दिसत होती, आणि रमाकांत सोनवण्यांना, म्हणजे तिच्या पप्पांना, दिसत होतं वाघोडियाकडचं एक मोठं खाजगी विद्यापीठ. तिथली एसी बस तरसालीच्या नाक्यावर थांबायची. पप्पांबरोबर मकरपुऱ्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या हंबीररावांचा पीयूष त्याच बसने जायचा, गळ्यात पट्टा आणि पट्ट्याला कार्ड. पोरगं आत्ताच साहेब दिसतं, असं हंबीरराव येताजाता सांगायचे.

योगिनीला मात्र तबला शिकायचा होता. छंद म्हणून नाही, पदवीसाठी. बडोद्याच्या युनिव्हर्सिटीत, सुरसागराच्या काठच्या म्युझिक कॉलेजात.

यात खरा दोष कुणाचा असेल तर पप्पांचाच. दत्तमंदिरातल्या गुरुवारच्या भजनी मंडळाचे ते मुख्य गायक. शिरपूरकडून नोकरीसाठी बडोद्याला आले तेव्हा बरोबर फार काही आणलं नव्हतं, पण आवाज आणला होता. मंडळाचा तबलजी बदली होऊन सुरतेला गेला तेव्हा त्यांनी योगिनीला पुढे बसवलं. पोरीपेक्षा डग्गा मोठा दिसायचा, पण हात असा पडायचा की म्हातारी माणसं टाळ थांबवून बघायची. आता स्वतःच पोरीच्या हातात तबला द्यायचा आणि तिने तो खाली ठेवला नाही की कपाळाला हात लावायचा, याला काय म्हणावं?

"भजनापुरतं ठीक आहे," पप्पा म्हणाले. "तबला वाजवून कुणाचं पोट भरलंय?"

"तबला शिकवून भरतं," योगिनी म्हणाली. "शाळांना संगीत शिक्षक लागतात. आणि मी वाजवणारपण आहे."

"अगं, चार लोक विचारतील तेव्हा काय सांगू?"

"म्युझिक कॉलेजात शिकते म्हणून सांगा. खोटं थोडंच आहे?"

हे बोलण्याआधी तिने गुपचूप प्रवेश-परीक्षा देऊन ठेवली होती आणि पासही झाली होती. कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. पप्पा संतापले, दोन दिवस धुसफुसले, आणि मग म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघतो. मला पटलं तर राहा. नाही पटलं तर पुढच्या जूनपासून मुकाट्याने वाघोडियाची बस धरायची."

"चालेल," योगिनी म्हणाली. तिला वाटलं, पटवायला कितीसा वेळ लागणार आहे!

बडोद्याची युनिव्हर्सिटी म्हणजे एक गाव आहे आणि त्यातल्या फॅकल्ट्या म्हणजे त्या गावातल्या न्याती-जाती. आर्ट्सवाले घुमटाच्या सावलीत बसून जगाची चिंता करतात, कलाभवनातले टेक्नॉलॉजीवाले आपण सोडून सगळे टाइमपास करतात असं मानतात, फाइन आर्ट्सवाल्यांना तर केस विंचरायलाही वेळ नसतो. म्युझिक कॉलेजवाले संख्येने थोडे, पण नाकाने कांदे सोलण्यात कुणाला हार जाणारे नाहीत. पहिल्या दिवशीच ध्रुव नावाच्या वर्गातल्या मुलाने तिला विचारलं, "तू कोना पासे शीखी?" म्हणजे गुरू कोण. ध्रुव स्वतः लहानपणापासून उस्तादांकडे शिकलेला.

"दत्तमंदिरात," योगिनी म्हणाली.

"त्यां कोण शिखवाडे?"

"कोणी नाही. पप्पा गातात, मी वाजवते."

ध्रुव हसला नाही, हे त्याचं मोठेपण. बाकीचे हसले. योगिनीनेही हसून घेतलं. दुसऱ्या दिवशी घरून डबाभर खानदेशी भरीत आणि भाकरी घेऊन आली. हिंग घातलेल्या गोड डाळीवर वाढलेली ती पोरं डोळ्यांत पाणी आणत खाऊ लागली, आणि आठवड्याभरात सेव-उसळच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, तिची जागा पक्की झाली. ओळखी करण्यात ती कधी मागे पडली नाही. अडलं ते तबल्यावर.

कॉलेजात दर महिन्याला विद्यार्थ्यांची बैठक व्हायची. तिसऱ्या वर्षाची श्रद्धा गायला बसली. ती बडोद्यातल्याच अकोट्याची, तिचे खापर-पणजोबा सरकारवाड्यात कारकून होते म्हणे, आणि घरात अजून मराठी असं बोलतात की ऐकणाऱ्याने शर्टाची बटणं तपासावीत. तिच्या साथीला योगिनीला बसवलं. श्रद्धाचा आवाज सुरेख, पण समोर माणसं बसली की तिला घाई सुटायची. ती पळू लागली. योगिनीही पळाली. ती आणखी पळाली, योगिनी तिच्या मागे. शेवटी दोघी मिळून अशा सुटल्या की श्रद्धाला तान घ्यायला श्वास उरला नाही, आणि तिने मध्येच थांबून पाणी मागितलं.

"ही मुलगी मला साथीला नको, सर," ती सर्वांसमोर म्हणाली. "ही धावते."

योगिनीचे कान तापले. धावत होतं कोण, आणि बोल कुणाला! पण ती गप्प राहिली, कारण श्रद्धा मोठी, आणि त्यात गाणारी.

तबला शिकवणाऱ्या पंड्यासरांनी सगळे गेल्यावर तिला बसवून घेतलं. सर गुजराती, पण बडोद्याच्या गुजराती माणसाला येतं तसं झकास मराठी बोलायचे. "जो बेन, बघ," ते म्हणाले, "श्रद्धा पळाली ते तुला कळलं होतं ने?"

"कळलं होतं."

"तर मग तू कशाला पळालीस?"

योगिनीला प्रश्नच समजला नाही. "ती गात होती ना सर. गाणाऱ्याने लय वाढवली की वाजवणाऱ्याने वाढवायची. नाहीतर गाणाऱ्याचा अपमान होतो."

"हे कोणी सांगितलं?"

कोणी सांगितलं नव्हतं. तरसालीच्या मंडळात ती रीतच होती. पप्पा रंगात आले की अभंग चढत जायचा, टाळ चढायचे, तबला चढायचा, आणि शेवटी सगळं मंडळ घामाघूम होऊन जयजयकार करायचं. पप्पांच्या मागे पळणं म्हणजे पप्पांचा मान राखणं. तबलजीने लय धरून ठेवली आणि बुवांना अडवलं, असं त्या मंदिरात कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"भजनात चालतं," सर म्हणाले. "मजा पण येते. पण इथे लय तुझ्या हातात असते. गाणारा विहिरीत उडी मारेल तर तूही मारशील? तू काठावर उभी राहा. त्याला परत यायला जागा पाहिजे ने!"

योगिनी त्या दिवशी बसमध्ये रडली. सर रागावले म्हणून नाही. आपण ज्याला गुण समजत होतो तोच अवगुण निघाला, याचं वाईट वाटलं. पण रडून झाल्यावर तिने डोळे पुसले आणि मनाशी म्हणाली, पळायला शिकले तशी थांबायला शिकेन. त्यात काय मोठं!

मोठं होतं. ध्रुव हार्मोनियमवर लहरा धरायचा, म्हणजे तीच ती सुरावट फिरवत राहायचा, आणि ती नुसता ठेका. कायदे नाहीत, तुकडे नाहीत, टाळ्या मिळवणारं काही नाही. ध्रुव मुद्दाम पुढे सरकायचा, तिला चिथवायचा. सुरुवातीला ती दरवेळी फसायची आणि तो "गई!" म्हणून ओरडायचा. हळूहळू त्याचं ओरडणं कमी झालं. मग एके दिवशी तोच वैतागला. "यार, तू तो हलतीज नथी," तो म्हणाला, तू हलतच नाहीस म्हणून, आणि योगिनीला वाटलं, आपल्याला कुणी पदक दिलं.

पुढच्या बैठकीला श्रद्धाचा नेहमीचा तबलजी तापाने पडला. नाइलाजाने योगिनी. आदल्या दुपारी सरावाला बसल्या आणि श्रद्धा पुन्हा सुटली. योगिनी जागची हलली नाही. श्रद्धा समेवर आधी पोचली, एकटीच. तिने डोळे वटारले. "अगं, लय कुठे आहे तुझी?"

"लय इथेच आहे, ताई," योगिनी म्हणाली. "तुम्ही पुढे गेलात."

तिसऱ्या वर्षाच्या मुलीला पहिल्या वर्षाच्या मुलीने असं सांगायचं म्हणजे! श्रद्धा तिच्याकडे बघत राहिली, आणि मग एकदम हसायला लागली. "हे मला कुणीतरी दोन वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. चल, पुन्हा." बैठक छान झाली. तेव्हापासून श्रद्धा तिला सरावाला अकोट्याच्या घरी बोलवू लागली, आणि योगिनी न लाजता जाऊ लागली.

कॉलेजात ती बसली, रुळली, तिथलीच झाली. पण कॉलेजाला पटून काय उपयोग? पटायचं होतं पप्पांना, आणि दिवाळी तोंडावर आली होती. पप्पा कॉलेजात एकदाही फिरकले नव्हते. कारखान्यात कुणी विचारलं तर "यंदा घरीच आहे, पुढच्या वर्षी वाघोडियाला घालतोय," असं सांगायचे. हे तिला आईकडून कळलं होतं, आणि ते तिच्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं होतं.

दिवाळीआधीचा गुरुवार आला. दत्तमंदिर भरलं होतं. योगिनी तबल्यावर बसली. आजवर इथे आल्यावर ती पप्पांच्या मागे निमूट पळत होती. कॉलेजात एक आणि इथे एक. आज तिला ते सहन होईना. पप्पांना सर्वांसमोर अडवलं तर ते चिडणार, आणि चिडले की वाघोडियाची बस ठरलेली. नाही अडवलं तर आपण पुन्हा पळणारी पोर, मग कॉलेजात राहून काय मिळवलं? आणि पप्पांना तरी काय दाखवलं?

पप्पांनी अभंग धरला. आवाज आजही तसाच, मंदिराच्या कळसापर्यंत जाणारा. दुसऱ्या कडव्याला ते रंगात आले आणि निघाले. योगिनी निघाली नाही.

टाळवाले गोंधळले. निम्मे पप्पांबरोबर धावले, निम्मे तबल्यापाशी थांबले. पप्पांनी मान वळवून असं पाहिलं की एरवी तिची बोलतीच बंद झाली असती. त्यांनी मांडीवर जोरजोरात हात आपटून लय दाखवली. म्हणजे चल, ऊठ, पळ! योगिनीने त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि ठेका तसाच ठेवला, ना हळू, ना जलद. पप्पा समेवर आले तेव्हा तबला तिथे नव्हता. त्यांना थांबावं लागलं. बायकांच्या बाजूला बसलेल्या आईने पदर तोंडाला लावला. पहिल्यांदा टाळवाल्यांत बसलेल्या हंबीररावांनी टाळ सावरला, तबल्याबरोबर. मग एकेक करून सगळे आले.

पप्पांनी पुढची ओळ घेतली. सावकाश. रागाने घेतली की समजून, कोण जाणे, पण घेतली. मग तीच ओळ पुन्हा घेतली, आणि तिला अशी एक वळणदार जागा दिली की पुढे बसलेल्या म्हाताऱ्यांनी "वा!" केलं. इतकी वर्षं पळण्याच्या नादात ती जागा त्यांच्या गळ्यात असून कुणाला ऐकू आली नव्हती. अभंग संपला तेव्हा कुणी घामाघूम नव्हतं. नेहमीसारखा गलकाही झाला नाही.

आरती झाली, प्रसाद वाटला गेला. योगिनी मान खाली घालून तबल्यावर गवसणी चढवत होती. पप्पांशी बोलायची तिची छाती होत नव्हती. तेवढ्यात हंबीरराव प्रसादाचा द्रोण घेऊन आले.

"काय रमाकांत, पोरीचं वाघोडियाचं पीयूषला सांगून ठेवू ना? जागा लवकर भरतात हां."

पप्पा पाणी पीत होते. त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"कशाला?" ते म्हणाले. "माझी पोरगी युनिव्हर्सिटीत आहे. म्युझिक कॉलेजात शिकते."

आवाज भजनाचाच होता, मंदिरभर गेला. हंबीरराव बघतच राहिले. योगिनीच्या हातून गवसणीची नाडी सुटली आणि डोळ्यांतलं पाणी टपकन तबल्यावर पडलं. ते तिने घाईघाईने ओढणीने पुसलं.

पप्पा तिच्यासमोर येऊन मांडी घालून बसले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "इतकी वर्षं अभंग म्हणतोय, आज पहिल्यांदा मला दम लागला नाही गं."

"रागावलात ना?"

"रागावलो होतो. दोन कडवी." त्यांनी गवसणीची नाडी स्वतः ओढून बांधली. "तुझ्या सरांना सांगून ठेव, गुरुवारी संध्याकाळी तुला लवकर सोडायचं. तू नसलीस तर आता मला कोण थांबवणार?"